खोट्याला देशनिकाला

अलीकडे आपल्या व्यासपीठांवरून एक वाक्य हमखास ऐकू येते. जगातली पहिली विज्ञानकथा एका मुस्लिम स्त्रीने लिहिली! वक्ता जरा तयारीचा असला तर पुढची माहितीही पुरवतो. ती स्त्री म्हणजे बंगालच्या बेगम रुकय्या. कथेचे नाव ‘सुलतानाचे स्वप्न’. ती त्यांनी बंगालीत लिहिली, नवऱ्याचा विरोध पत्करून चोरून छापली आणि विमान काय, सूर्याच्या उष्णतेवर चालणारी यंत्रे काय, सारे शोध पाश्चात्त्यांनी त्या कथेवरूनच उचलले. टाळ्या पडतात. अध्यक्ष मान डोलावतात. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी दुसरा वक्ता तेच भाषण करतो, फक्त मधल्या काळात त्यात आणखी एका शोधाची भर पडलेली असते.

या भाषणात चार ठळक चुका आहेत. चुका होतात, त्याबद्दल माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते चूक दाखवल्यावर आपण जे उत्तर देतो त्याच्याशी.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या बक्षीस समारंभात, सातवीतल्या एका चुणचुणीत मुलीने हेच भाषण घडाघडा म्हणून दाखवले. भाषण अर्थातच तिने लिहिलेले नव्हते. कार्यक्रम संपल्यावर ते लिहून देणाऱ्या गुरुजींना मी बाजूला घेतले आणि म्हणालो, “सर, ही कथा मुळात इंग्रजीत आहे. पोरीला तेवढे दुरुस्त करून द्या.” ते हसले. म्हणाले, “अहो भाई, इंग्रजी काय नि बंगाली काय! मुलांच्या मनात अभिमान जागा झाला म्हणजे झाले. तपशील कोण बघत बसतो?” शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले, “त्यांची पुष्पक विमाने उडतात ती चालतात. आपण एक कथा उडवली तर एवढे काय बिघडले?” तिसरे एक बुजुर्ग होते, त्यांनी तर विषयच मिटवला : “एवढ्या मोठ्या बाईच्या गोष्टीत चुका काढणारे आपण कोण?”

ही तीन उत्तरे त्या तिघांची नाहीत, आपल्या सगळ्यांची आहेत. भावना महत्त्वाची, तपशील नाही. दुसरे खोटे बोलतात, मग आपण का नको? आणि मोठ्यांच्या बाबतीत शंका घेणे म्हणजे बेअदबी. या तिन्हींचा एकदा निकाल लावला पाहिजे.

आधी त्या चार चुका.

रुकय्या सखावत हुसेन यांचा जन्म १८८० चा, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर भागातल्या पैराबंद गावचा. घर जमीनदाराचे. मुलींना अरबी-फारसीची तालीम मिळे, पण बंगाली आणि इंग्रजी त्यांच्यासाठी नव्हे असा घरचा दंडक. बंगाली त्या थोरल्या बहिणीच्या, करीमुन्निसांच्या मदतीने शिकल्या. इंग्रजी शिकवली थोरले बंधू इब्राहिम साबेर यांनी, तीही घर झोपल्यावर, रात्री. लग्न झाले ते भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी. ते विधुर होते, वयाने बरेच मोठे होते, आणि बायकोने लिहावे म्हणून तिच्या पाठीशी उभे राहणारे होते. नवरा दौऱ्यावर गेला असता वेळ घालवण्यासाठी रुकय्यांनी ही कथा लिहिली. परत आल्यावर त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचून काढली आणि हा तर पुरुषांवर उगवलेला भयंकर सूड आहे, अशा अर्थाचा शेरा मारला. मग ती त्यांनी मॅकफर्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे भाषा तपासायला पाठवली. त्या गृहस्थाला दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही. ही हकिकत खुद्द रुकय्यांनी सांगितलेली आहे. म्हणजे नवऱ्याच्या विरोधाची गोष्ट साफ उलटी. ज्या माणसाने पाठिंबा दिला त्यालाच आपण भाषणातला खलनायक करून टाकले.

कथा प्रसिद्ध झाली १९०५ साली, मद्रासच्या ‘द इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये. हे इंग्रजी मासिक कमला सत्यनाथन नावाच्या विदुषी चालवीत. १९०८ साली कलकत्त्याला ती पुस्तकरूपाने निघाली. लेखिकेचे नाव होते मिसेस आर. एस. हुसेन. ‘बेगम रुकय्या’ हे पुढचे, लोकांनी प्रेमाने दिलेले नाव. बंगालीतही ती कथा आहे, पण ती रुकय्यांनी स्वतः नंतर बंगालीत आणलेली.

आता ‘पहिली’. ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या लुसियनने दुसऱ्या शतकात माणसे चंद्रावर नेऊन तिथे लढाईसुद्धा लावून दिली होती. ते दूरचे वाटत असेल तर आपल्या देशातले पाहा. कलकत्त्याच्या कैलासचंद्र दत्त यांनी १८३५ साली इंग्रजीत एक भविष्यकथा लिहिली. तीत १९४५ साली हिंदी लोक इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलतात अशी कल्पना आहे. जगदीशचंद्र बसूंनी १८९६ साली बंगालीत एक कथा लिहिली; तीत समुद्रावरचे वादळ केसांच्या तेलाच्या बाटलीने शांत होते. तेव्हा पहिलेपणाचा मान रुकय्यांचा नाही, जगात नाही आणि हिंदुस्थानातही नाही.

चौथी गोष्ट शोधांची. राइट बंधूंचे विमान उडाले डिसेंबर १९०३ मध्ये. कथा १९०५ ची. मग कोणी कोणावरून उचलले? सूर्याच्या उष्णतेचे म्हणाल तर फ्रान्सच्या मूशो याने आपले सौरयंत्र १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सर्वांसमोर मांडले होते. त्याच वर्षी आपल्या मुंबईत विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रजाने आरशांनी ऊन एकवटून अन्न शिजवण्याचे आणि पंप चालवण्याचे आपले प्रयोग पुस्तकरूपाने छापले होते. रुकय्या आपल्या काळातले विज्ञान डोळे उघडे ठेवून वाचत होत्या, हीच त्यांची थोरवी. त्यांना नजूमी ठरवून आपण त्यांचा अभ्यास पुसून टाकतो.

इतके वजा केल्यावर काय उरले, असे कोणी विचारील. जे उरले ते भाषणातल्या फुग्यापेक्षा भक्कम आहे. पडद्यात वाढलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली एक मुस्लिम तरुणी परक्या भाषेत अशी कथा लिहिते, की जिथे राज्य, विद्यापीठ, प्रयोगशाळा आणि शेती सारे स्त्रियांच्या हाती आहे. अमेरिकेतल्या शार्लट पर्किन्स गिलमन यांची स्त्रियांच्या देशाची गाजलेली कादंबरी ‘हरलँड’ त्यानंतर दहा वर्षांनी, १९१५ साली आली. आणि रुकय्या स्वप्न लिहून थांबल्या नाहीत. १९०९ साली पती वारले. १९११ साली त्यांनी कलकत्त्यात आठ मुली घेऊन पतीच्या नावाने शाळा चालू केली. घरोघर जाऊन आईबापांच्या मिनतवाऱ्या केल्या आणि १९३२ साली डोळे मिटेपर्यंत ती शाळा सांभाळली. एवढे खरे सांगण्यासारखे असताना खोट्याची गरज कोणाला पडते? ज्याने कथा वाचलेली नाही त्याला.

आता पहिले उत्तर घेऊ. भावना महत्त्वाची, तपशील नाही.

कथा काय आहे ते थोडक्यात सांगतो. सुलताना आरामखुर्चीत पेंगत असते. सारा नावाची एक बाई तिला बाहेर घेऊन जाते. तो देश लेडीलँड. तिथे रस्त्यावर पुरुष दिसत नाहीत, ते मर्दान्यात असतात, मुले सांभाळतात, स्वयंपाक करतात. स्त्रियांच्या एका विद्यापीठाने हवेतले पाणी उतरवून घेण्याची युक्ती शोधली आहे, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याची. शेजारचा राजा चाल करून येतो, पुरुषांची फौज हरते, तेव्हा दोन हजार विद्यार्थिनी एकवटलेल्या सूर्यकिरणांचा झोत सोडून शत्रूला पळवून लावतात. तिथे एकविसाव्या वर्षाआधी मुलीचे लग्न करता येत नाही. स्त्रिया कचेरीचे काम दोन तासांत उरकतात, कारण त्या पुरुषांसारख्या दिवसाकाठी बारा चिरूट ओढत बसत नाहीत.

ज्या सभागृहात या कथेच्या नावाने टाळ्या पडतात तिथे बायका कुठे बसलेल्या असतात? मागच्या दाराजवळ, कनातीच्या पलीकडे. कथेने नेमका हाच प्रश्न विचारला आहे : अपराध करण्याची भीती ज्याच्यापासून आहे त्याला मोकळे सोडून, जिला भीती आहे तिलाच का कोंडता? हा प्रश्न ऐकायला आपली तयारी नाही. म्हणून आपण ‘जगातली पहिली’ अशी झूल घालून कथेला मिरवणुकीत फिरवतो. झूल घातली की आत काय आहे ते बघावे लागत नाही. तपशील टाळणाऱ्याला भावनेची फार चाड असते असे समजू नका. बहुतेक वेळा त्याला मजकूर टाळायचा असतो.

या कथेत आणखी एक जागा आहे. ती वाचली असती तर गुरुजींनी भाषण लिहितानाच लेखणी खाली ठेवली असती. सुलताना साराला तिच्या देशाच्या धर्माविषयी विचारते. सारा सांगते, की आमचा धर्म प्रेम आणि सत्य यांवर उभा आहे. खोटे बोलणाऱ्याला आम्ही जिवे मारत नाही, देश सोडून जायला सांगतो, कायमचे. म्हणजे ज्या कथेत खोट्याची सजा देशनिकाला आहे, त्याच कथेची तारीफ आपण चार खोट्या गोष्टी सांगून करतो. लेडीलँडच्या वेशीवर आपल्या वक्त्यांची जी रांग लागेल ती नगरच्या माळीवाड्यापासून थेट कापड बाजारापर्यंत जाईल.

दुसरे उत्तर : ते खोटे बोलतात, मग आपण का नको?

ते खोटे बोलतात, हे मला मान्य आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा महाराष्ट्रात कितीतरी वर्षे सांगितली जाते. प्राचीन वैमानिकशास्त्राचा जो ग्रंथ दाखवला जातो तो बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या शास्त्रज्ञांनी १९७४ साली बारकाईने तपासला. ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, आणि त्यातले एकही यान उडण्याजोगे नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. आपण तेव्हा हसलो. हसणे रास्त होते.

पण मग चंद्रावरच्या अजानचे काय? नील आर्मस्ट्राँगला चंद्रावर अजान ऐकू आली आणि पुढे त्याने इस्लाम कबूल केला, ही गोष्ट आपल्यातल्या किती जणांनी लहानपणी ऐकली आहे? चंद्रावर हवा नाही. हवेवाचून आवाज कानापर्यंत पोचत नाही, हे आठवीतला मुलगा सांगेल. आर्मस्ट्राँगने ही गोष्ट वारंवार नाकारली. १९८३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आपल्या वकिलातींना तसे कळवावे लागले. तरी ती गोष्ट चालूच राहिली. त्यांचे विमान आणि आपली अजान एकाच कारखान्यातला माल आहे. दोघांनाही विज्ञानाचे प्रशस्तिपत्रक हवे आहे, विज्ञानाची शिस्त नको आहे.

याच कारखान्यातून दुसरे एक वाक्य निघते. रुकय्यांचे पहिलेपण टिकत नाही असे दिसले, की लगेच इब्न नफीस यांना पुढे केले जाते. तेराव्या शतकातल्या या हकिमाने एका निर्जन बेटावर आपोआप जन्मलेल्या माणसाची कहाणी लिहिली, म्हणून तेच विज्ञानकथेचे जनक. कहाणी खरी आहे, आणि मोलाची आहे. पण ती बाराव्या शतकात अंदलुसच्या इब्न तुफैल यांनी लिहिलेल्या ‘हय्य बिन यक्जान’ला दिलेले उत्तर आहे. त्या दोन्ही कहाण्यांचा रोख, बुद्धीच्या बळावर माणूस खुदापर्यंत आणि सत्यापर्यंत पोचतो का, या सवालावर आहे. त्यांना विज्ञानकथेचे पूर्वज म्हणा, कोणाची हरकत नाही. जनक म्हटले की लुसियन आडवा येतो. आणि इब्न नफीस यांना हा उसना किताब हवाच कशाला? रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जाऊन डाव्या कप्प्यात येते, हे त्यांनी युरोपच्या कितीतरी आधी लिहून ठेवले. त्यांच्या नावाला तेवढे पुरे आहे.

आता जिथे आपण स्वतः दुसऱ्याची चूक दाखवायला उठतो अशी एक जागा पाहू. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही मराठीतली गाजलेली विज्ञानकथा. ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातही आली. विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे पानिपतात जिंकले, अशा एका वेगळ्या जगात इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत जाऊन येतात. या कथेविषयी दोन गैरसमज ऐकायला मिळतात. एक म्हणतो, हिंदू जिंकले असते तर देश कसा झाला असता ते नारळीकरांनी दाखवले. दुसरा, आपल्यातला, म्हणतो, बघा, नारळीकरसुद्धा मुसलमानांविरुद्ध लिहितात.

दोघांनीही कथा वाचलेली नाही आणि पानिपतही वाचलेले नाही. १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी सांभाळत होता. तो जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. समोर अब्दालीच्या बाजूला शुजाउद्दौल्याच्या फौजेत अनुपगीर गोसावी आपले गोसावी घेऊन उभा होता. त्याच शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने त्या लढाईची हकिकत फारसीत लिहून ठेवली. ही लढाई हिंदू विरुद्ध मुसलमान अशी मांडणाऱ्याला आपण गारद्याचे नाव ऐकवतो. ते ऐकवलेच पाहिजे. पण ते ऐकवताना आपण काय करतो? कागद दाखवतो, तारीख दाखवतो, साक्षीदार दाखवतो. रुकय्यांच्या बाबतीत कोणी तोच कागद मागितला की आपल्याला राग का येतो?

आणि नारळीकरांची कथा नीट वाचली तर ती पुराव्याचीच कथा आहे. गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगातून परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान उरलेले असते. बाकी सारे भास म्हणून उडवून लावता येते, पान उडवता येत नाही. त्यांचा शास्त्रज्ञ मित्र त्यांच्या बोलण्याचा गंभीरपणे विचार करू लागतो तो त्या पानामुळे. लेखकानेही स्वतःला असेच तपासायला लावले होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या नावाला बक्षीस मिळायला नको, कथेला मिळावे, एवढाच हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. आपण मात्र आधी नाव बघतो, मग नावाचा धर्म बघतो, आणि कथा शेवटी राहून जाते.

‘छोट्याशा चुकीने काय होते?’ असे विचारणाऱ्याने आपल्या नगरकडे पाहावे. २०२४ पासून या जिल्ह्याचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले. शहराच्या पूर्वेला शाह डोंगरावर जी अष्टकोनी इमारत दिसते तिला सारे गाव चाँदबीबीचा महाल म्हणते. ती कबर आहे, मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची. १५८० च्या सुमारास ती बांधली गेली. चाँदबीबी किल्ल्यात मारली गेली ती १६०० साली. चुकीच्या नावाने काय झाले? ज्याच्या कारकिर्दीत फराहबाग पुरी झाली तो सलाबतखान आपल्याच कबरीतून बेदखल झाला. आणि चाँदबीबीला, जिने १५९६ साली मुघलांना तटावरून परतवले तिला, सहलीच्या फोटोत ‘महालातली राणी’ एवढीच जागा उरली. तिचा शेवट कसा झाला तेही फेरिश्ताने लिहिले आहे. तोही या नगरच्या दरबारात वाढलेला. किल्ला आणि लहानगा बहादूरशहा वाचवण्यासाठी ती मुघलांशी बोलणे लावू पाहत होती. बीबी फितूर झाली, अशी हाकाटी उठली. कोणी खातरजमा केली नाही. ज्यांच्यासाठी ती लढली त्यांनीच तिला मारले. ज्या शहराने न तपासलेल्या बातमीची ही किंमत मोजली, तिथल्या माणसाने तरी ‘तपशील कोण बघतो’ असे म्हणू नये.

आणि हे केवळ चारशे वर्षांपूर्वीचे नाही. जानेवारी २०२५ मध्ये फातिमा शेख यांच्यावरून केवढा गहजब झाला तो आठवा. एका पत्रकाराने जाहीर केले, की हे पात्र आपणच रचले. त्याचा दावा खोटा होता. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव आहे; माझ्या गैरहजेरीत तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. एवढा पुरावा पुरेसा होता. पण आपण त्यावर थांबलो होतो का? आपण जन्मतारीख जोडली, शिक्षणाच्या हकिकती जोडल्या, भाषणांतून संवाद जोडले. कागद मागितला गेला तेव्हा जोडलेले सारे गळून पडले, आणि त्या पडझडीच्या धुळीत खरी फातिमाही दिसेनाशी झाली. खऱ्याला खोट्याचे ठिगळ लावले, की विरोधकाला सगळे वस्त्रच फेकून द्यायला निमित्त मिळते. उद्या कोणी उठून रुकय्यांची कथाच बनावट आहे असे म्हणाला, तर ‘१९०५, मद्रास, इंडियन लेडीज मॅगझिन’ हे चार शब्द आपल्या पोरांच्या तोंडी असतील का? की फक्त ‘जगातली पहिली’ एवढेच असेल?

तिसरे उत्तर, बेअदबीचे. खरे तर हे उत्तर मुसलमानाच्या तोंडी शोभतच नाही. ज्यांनी प्रत्येक हदीसमागे सांगणाऱ्यांची साखळी लावली, त्या साखळीतला एकेक माणूस कुठला, त्याची स्मरणशक्ती कशी, तो त्या दुसऱ्याला खरोखर भेटला होता का, हे तपासण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे केले, त्यांचे आपण वारस म्हणवतो. ऐकलेल्या बातमीची आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणता कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. इमाम बुखारींनी लाखो रिवायती पारखून थोड्याच ठेवल्या. त्यांना कोणी बेअदब म्हटले नाही. जिथे मजहबी रिवायतीची एवढी कसून झडती होते, तिथे एका कथेची तारीख तपासली की लगेच अदब कशी धोक्यात येते?

साहित्यातले उदाहरण हवे तर तेही नगरच्या किल्ल्यातच आहे. मौलाना अबुल कलाम आझाद ऑगस्ट १९४२ पासून जवळजवळ तीन वर्षे तिथे कैदेत होते. तिथे त्यांनी ‘गुबारे खातिर’ची पत्रे लिहिली. जवळ ग्रंथसंग्रह नाही, म्हणून शेकडो अरबी-फारसी-उर्दू शेर त्यांनी आठवणीतून लिहिले. पुढे मालिक राम यांनी साहित्य अकादमीसाठी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार केली तेव्हा त्यांनी एकेक शेर कोणाचा, मुळात तो कसा आहे, मौलानांच्या लिखाणात कुठे फरक पडला, याच्या टिपा दिल्या. मौलाना त्यामुळे लहान झाले का? उलट, आज कोणी अभ्यासक ‘गुबारे खातिर’ हाती घेतो तो मालिक राम यांच्या टिपांसह. मौलानांची आणि मालिक राम यांची धर्माने जात वेगळी होती, पण अदबीची जात एकच होती. मोठ्या माणसाचे लिहिणे तपासण्याजोगे मानणे ही त्याला दिलेली मोठी सलामी असते. ज्याचे लिहिणे कोणी तपासत नाही, त्याला लोकांनी मनातून कधीच सोडून दिलेले असते.

आपल्यापुरते सांगायचे तर काम फार अवघड नाही. कोणत्याही कथेविषयी लिहिण्या-बोलण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात. ती प्रथम कोणत्या भाषेत लिहिली गेली? कुठे आणि कोणत्या साली छापली गेली? त्या वेळी लेखकाचे नाव काय छापले होते? ‘पहिली’ म्हणताना तिच्या आधीच्या कथा कोणी पाहिल्या आहेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, ती मी स्वतः वाचली आहे का? ‘सुलतानाचे स्वप्न’ तासाभरात वाचून होते. भाषण पाठ करायला त्याहून अधिक वेळ लागतो.

दुसरे काम आपल्या संपादकांचे. आपले वार्षिकांक आणि ईद विशेषांक मोठ्या कष्टाने निघतात. जाहिराती मिळत नाहीत, कागद महागतो, लेख वेळेवर येत नाहीत, हे सगळे मला ठाऊक आहे. तरी प्रत्येक अंकात अर्धे पान शुद्धिपत्राला राखून ठेवा. मागच्या अंकात कोणते साल चुकले, कोणाच्या नावावर काय खपले, ते त्यात सांगा. वाचकांना तसे कळवायला सांगा, आणि कळवणाऱ्याचे नाव मानाने छापा. तिसरे काम शाळांचे. निबंध आणि वक्तृत्व स्पर्धेच्या गुणपत्रिकेत आवाज, हावभाव, पाठांतर यांना रकाने असतात. ‘माहितीचा आधार’ असा आणखी एक रकाना घाला. सातवीतल्या मुलीला ‘हे तू कुठे वाचलेस?’ असे विचारणे म्हणजे तिचा अपमान नव्हे. तिला कोणीतरी विद्यार्थिनी मानले, असा त्याचा अर्थ होतो. रुकय्यांच्या लेडीलँडमध्ये शत्रूला हरवले ते विद्यार्थिनींनी, घोकंपट्टी करणाऱ्यांनी नव्हे.

जे आपले नाही ते सोडून दिल्याने आपण गरीब होत नाही. पहिलेपणाचा खोटा शिक्का पुसला तरी रुकय्या उरतात, आठ मुलींची शाळा उरते, पडद्याविषयीचा तो टोचणारा सवाल उरतो. आपल्याला खरी धास्ती बहुधा त्या सवालाचीच आहे.

लेडीलँडचा कायदा कडक आहे, पण निर्दय नाही. सुलताना विचारते, अपराध्याला कधीच माफी मिळत नाही का? सारा सांगते, मिळते, मनापासून पस्तावला तर. बोलणाऱ्याने आणि लिहिणाऱ्याने करायची तोबा एकच असते. पुढच्या सभेत उभे राहून चुकलेले वाक्य दुरुस्त करायचे, आणि अंकात असेल तर शुद्धिपत्र छापायचे. ज्या समाजाला एवढे जमते त्याला वेशीवर कोणी अडवत नाही.